भोंग्यावरच्या सहा रेघा

टॉर्च बंद करा. मोबाईलही पालथे घाला. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात, आणि हा आतिफ दर पाच मिनिटांनी फोन बघून ती वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावतोय. इथं रेंज येत नाही, म्हणूनच आपण सोलापूर सोडून एवढ्या लांब उजनीच्या काठावर येऊन बसलोय.

हं. आता वर बघा. हा कृत्तिकांचा झुबका. हा तांबूस तारा रोहिणी. या दोघींच्या जरा उत्तरेला या. तिथं तारे कमी वाटतात, आभाळाला भोक पडल्यागत. अवधूत, तुला काय वाटतं, तिथं काही नाही? तिथं लई आहे. वायू आणि धुळीचा ढग आहे, शून्याखाली अडीचशे अंशांहून जास्त गार. मागच्या ताऱ्यांचा उजेड तो गिळतो, म्हणून आपल्याला काळा दिसतो. आणि त्याच गारठ्यात आत नवे तारे जन्माला येत असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. इन्फ्रारेड दुर्बिणीला दिसतात, कारण ती उजेड नाही, ऊब बघते. आणि रेडिओला त्या ढगाचा गारठा कळतो. हायड्रोजनची एक रेघ मिळते, आणि गार ढग मध्ये आला की त्या रेघेत बारीक खाच पडते. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

पूनमनं मघाशी विचारलं, की हा पत्र्याचा भोंगा इथं कोणी आणला, आणि दोर बांधताना मी ‘त्या डाव्या बाजूला टेकू नका’ असं का ओरडलो. सांगतो. आत्ता नऊ वाजून पाच मिनिटं झालीत. नऊ पन्नासपर्यंत आपल्याला तसंही काम नाही. मात्र मध्ये बोलायचं नाही. हे मी याआधी दोनदाच सांगितलंय, आणि दोन्ही वेळा कोणीतरी मध्येच हसलं होतं.

सुबोध माझा विद्यार्थी. पुढे माझ्याच विभागात शिकवायला लागला. घुमा माणूस, पण हाताचा फार चांगला. हा भोंगा त्यानं केला. सोलापुरात कूलर बनवणाऱ्या एका कारागिराकडून पत्रा वाकवून घेतला, आत बोटभर तांब्याची तार बसवली, आणि त्यातून ढग ऐकायचा म्हणाला. चेतना त्याची बायको. ती इन्फ्रारेडवाली. अवकाशातल्या दुर्बिणींनी काढलेली चित्रं कोणालाही मिळतात, ती उतरवून घेऊन ही बाई त्या काळ्या ढगातले तान्हे तारे शोधत बसायची. प्रत्येकाला नंबर द्यायची. एकदा मी विचारलं, नावं का नाही देत? म्हणाली, ‘सर, अजून बारसं व्हायचंय त्यांचं.’

तिनं ठरवलं, की त्याच ढगाचं रेडिओनं मोजमाप आपण इथं करायचं. चाळीस रात्री. जागा गुरुलिंगअण्णांनी दिली, ही पाण्याच्या मोटारीची खोली आणि पुढचं एवढं अंगण. अण्णांची केळी आणि ऊस. भोंगा आणला त्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘ह्यातनं काय ऐकायचं म्हनता?’ सुबोध म्हणाला, ढग. अण्णा म्हणाले, ‘मग पाऊस कवा हाय ते बी सांगत जावा की.’

आता नीट ऐका, सगळी गोष्ट या एका कामावर उभी आहे. रेडिओच्या रेघेला माप लागतं. किती वर गेली म्हणजे किती ऊब, हे ठरवायला एक ठरलेली ऊब तोंडासमोर धरावी लागते. मोठ्या ठिकाणी त्यासाठी वेगळं उपकरण असतं. आमच्याकडे माणूस होता. आम्ही त्याला ‘माणूस उभा करणं’ म्हणायचो. भोंग्याचा मध्य छातीच्या उंचीला येईल असा तो खाली घ्यायचा, खालची कड गुडघ्याखाली, पाण्याकडे तोंड करून. एकानं त्याच्या तोंडाशी एक मिनिट उभं राहायचं. अंगाच्या उबेनं संगणकावरची रेघ वर चढते. माणूस बाजूला झाला की उतरते. मग भोंगा उचलून ढगाकडे वळवायचा. वेळ नऊ पन्नास, कारण त्या दिवसांत साडेनऊला शेतीची लाईट जायची, काठावरच्या सगळ्या मोटारी थांबायच्या, आणि त्यांचा खरखराट रेघेतून नाहीसा व्हायचा.

आणि माणूस बदलायचा नाही. माणूस बदलला की माप बदललं. म्हणून चाळीसही रात्री चेतनाच उभी राहणार होती.

तिला तेव्हा सातवा महिना होता. मी म्हणालो, अगं, कोणीतरी दुसरं उभं राहू दे. ऐकते कशाला. मिनिटभर उभं राहतानाही तिच्या कमरेला कळ लागायची, चाळिसाव्या सेकंदाला ती या पायावरून त्या पायावर व्हायची, आणि रेघेत तिथं एक बारीक हिसका यायचा. रोज. चाळिसाव्या सेकंदाला. सुबोध त्यावरून तिला चिडवायचा. शिवाय पोट वाढत होतं तशी रेघही रोज केसभर वर चढत होती. ती म्हणायची, ‘हे माप आता एकटीचं नाही. दोघींचं आहे.’ मुलगीच आहे हे कशावरून, असं विचारलं तर नुसती हसायची.

तिच्याकडे एक थर्मल कॅमेरा होता. विजेची माणसं तारांचे तापलेले सांधे शोधायला वापरतात तसला. ऊब असेल तिथं पिवळं, गार असेल तिथं काळं. सुबोधनं त्यातून तिला एकदा बघितलं आणि म्हणाला, बाळ दिसत नाही. तर म्हणाली, ‘यात कातडीच दिसते, आतलं नाही दिसत. घाई काय आहे तुला? येईल बाहेर, मग बघ पोटभर.’

ते वाक्य मला सुबोधनं सांगितलं. दोनदा सांगितलं.

तेविसावी रात्र. सोमवार, दोन डिसेंबर दोन हजार एकोणीस. माप घेऊन झालं आणि तिची पाठ जास्तच दुखायला लागली. सुबोध म्हणाला, आज राहू दे, घरी जाऊ. घाईत भोंगा वर उचलला नाही. नोंद करणारा संगणकही बंद करायचा राहिला. इथून टेंभुर्णीकडे निघाले. रस्त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या थांबल्या होत्या. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. अंधारात काळं. गाडी सुबोध चालवत होता.

त्याचा डावा हात मोडला. बाकी काही झालं नाही त्याला. चेतना दवाखान्यात नेताना रस्त्यातच गेली. दवाखान्यात पहाटे एक नर्स बाहेर आली आणि म्हणाली, ‘मुलगी होती. बघायचंय का?’

त्यानं मान हलवली. नको म्हणाला.

मी शेजारी उभा होतो. बोलायला हवं होतं.

चौदाव्या दिवशी तो कॉलेजात आला. प्लास्टर गळ्यात अडकवलेलं, उजव्या हातानं फळ्यावर लिहीत होता. तास नीट झाला म्हणाली मुलं. डबा दिला की खायचा. बस म्हटलं की बसायचा. विचारलं तेवढंच बोलायचा. आम्हाला वाटलं, सावरला. मी तेहतीस वर्षं शिकवलंय, आणि रडत नाही तो माणूस सावरलेला नसतो, एवढं साधं मला कळलं नाही. मला अजून स्वतःची लाज वाटते. कारण मीच त्याला म्हणालो, ‘सुबोध, ते यंत्र तिकडं उघड्यावर पडलंय. जा, उतरवून आण. हातापायांना काम मिळेल.’

तो म्हणाला, ‘बरं सर.’

काम साधं होतं. भोंगा सोडवायचा, संगणक, बॅटऱ्या टेंपोत घालायच्या, आणि यायचं. मी कासीमला सांगितलं. कासीमचा टेंपो जेऊरकडून केळी न्यायचा. बुधवारी, अठरा डिसेंबरला, संध्याकाळी तो सुबोधला घेऊन निघाला. निघताना सुबोधनं घराची किल्ली शेजारी दिली. झाडांना पाणी घालायला सांगितलं. हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. हे मला नंतर कळलं.

साडेआठला ते इथं पोचले. इथंच. त्या चिंचेखाली टेंपो लावला. थंडी आजच्यासारखीच. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता.

गुरुलिंगअण्णा टॉर्च घेऊन आले. म्हणाले, ‘म्याडमचं लई वाईट झालं सर. आमी कुनी तुमच्या मशीनला हात लावला न्हाय. रातचं ह्या बाजूला बी आलो न्हाय. पर...’

‘पर काय?’

‘न्हाय. काय न्हाय. दव लई पडतंय यंदा.’ आणि ते वस्तीकडे निघून गेले. जेवायला या, असंही म्हणाले नाहीत. अण्णांच्या घरी असं कधी होत नाही.

कासीम म्हणाला, ‘सर, एकट्यानं ह्यो भोंगा तुमाला उतरत न्हाय. एक हात तर गळ्यात. मी केळी टाकतो टेंभुर्णीला, आन् पहाटं पाच बजे आतूं. मग दोघं मिळून उतरवू. तवर खोलीत झोपा तुमी.’

सुबोध म्हणाला, ‘हो. तू जा.’

तो त्याला लवकर ये म्हणाला नाही. उशीर झाला तरी चालेल म्हणाला.

इथून पाणी किती लांब आहे ते तुम्ही दुपारी बघितलंत. भोंग्याच्या पुढे वीस पावलं. काठ सरळ खाली जातो. बांधावरची माणसंसुद्धा तिथं रात्री उतरत नाहीत. सुबोधला पोहता येत नव्हतं, आणि त्याला पोहायचंही नव्हतं. तो त्याच कामाला आला होता. यंत्र हे निमित्त. त्यानं मला हे अगदी सरळ सांगितलं, आपण एखादं रीडिंग सांगतो तसं. ‘सर, मी परत येणार नव्हतो.’ वाईट वाटत होतं का, असं मी विचारलं. म्हणाला, ‘नाही. काहीच वाटत नव्हतं. म्हणूनच.’

आता तो लगेच का गेला नाही, हे त्याच्यासारख्या माणसालाच सुचेल. त्यानं खोली उघडली, तर आत हिरवा दिवा. संगणक चालू. सोळा दिवस तो चालूच होता, छपरावरच्या सोलरवर. सुबोधला नोंद अर्धवट सोडून जाता येईना. बंद करून जाऊ म्हणाला. आणि बंद करण्याआधी एकदा बघू, कारण न बघता नोंद बंद करायची नसते, हे मीच त्याला शिकवलं होतं.

खाली मान घातलेला भोंगा. समोर पाणी आणि क्षितिज. रात्री काही घडायचं कारणच नव्हतं. मोटारींचा खरखराट सोडला तर रेघ सपाट. त्यानं तीन डिसेंबर बघितला. सपाट. सपाट. नऊ पन्नासला रेघ खाली गेली.

खाली.

माणूस उभा राहिला तर वर जाते. ही खाली गेली होती. बरोबर एक मिनिट. मग पुन्हा जागेवर.

त्यानं चार डिसेंबर उघडला. नऊ पन्नास. एक मिनिट. खाली.

पाच. सहा. सात. पंधरा रात्री. रोज नऊ पन्नास.

त्याला पहिल्यांदा वाटलं ते तुम्हालाही वाटलं असेल. सांधा ढिला असेल. गारठ्यानं तार आखडत असेल. कोणी समोर पत्रा धरला, आणि त्यात आभाळ दिसलं, तर रेघ उतरते. पण नुसतं आभाळ दाखवलं तर रेघ जिथं थांबते, ती जागा त्याला पाठ होती. ही त्याच्याही खाली होती. आभाळाहून गार असं काही त्या भोंग्यासमोर रोज एक मिनिट येत होतं.

मग त्यानं ती खाच मोठी करून बघितली. चाळिसाव्या सेकंदाला हिसका होता.

बारीक. केसाएवढा. या पायावरून त्या पायावर.

सुबोध म्हणाला, ‘सर, मला भीती नाही वाटली. मी फक्त पुन्हा मोजलं. चाळीसच होते.’

आणि आणखी एक. पाचव्या रात्रीपासून त्या खाचेच्या तळाशी, मधोमध, एक उंचवटा यायला लागला होता. टाचणीच्या डोक्याएवढा. सहाव्या रात्री जरा मोठा. रोज जरा मोठा. काळ्या गारठ्यात मधोमध एक उबेचा ठिपका. असलं चित्र त्यानं शेकडो वेळा बघितलं होतं. चेतनाच्या टेबलावर.

संगणकावर नऊ वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

तो उठला. सगळे सांधे तपासले. घट्ट होते. साडेनऊला लाईट गेली. काठावरच्या मोटारी एकामागून एक थांबल्या. तुम्ही आत्ता ऐकताय ना, पलीकडच्या काठावर त्या दोन सुरू आहेत? त्या रात्री त्याही थांबल्या. मग पाण्याचाही आवाज येत नाही इथं.

फळीवर तिचा थर्मल कॅमेरा होता. बॅटरीच्या दोन कांड्या शिल्लक. तो घेऊन सुबोध खोलीच्या उंबऱ्यावर बसला. पुढे दहा पावलांवर भोंगा. त्याच्यापुढे वीस पावलांवर पाणी. मागे संगणक, मान वळवली की रेघ दिसेल असा.

नऊ चाळीस. काही नाही.

कॅमेऱ्यातून बघितलं. पत्रा काळपट. जमीन जांभळी. पाणी नारिंगी. पाणी रात्री जमिनीपेक्षा उबदार असतं, त्यात नवल नाही.

नऊ पंचेचाळीस. दव पडायला लागलं. प्लास्टर ओलं झालं.

नऊ एकोणपन्नास.

त्यानं श्वास धरला नव्हता म्हणाला. नेहमीसारखा घेत होता.

नऊ पन्नास.

मागे वळून बघितलं. रेघ खाली गेली होती.

समोर बघितलं, डोळ्यांनी. भोंगा. अंधार. काही नाही.

कॅमेऱ्यातून बघितलं.

नारिंगी पाण्यासमोर एक काळं उभं होतं. माणसाएवढं. पाण्याचा तेवढा भाग झाकून. कडा धूसर. चेहरा नाही. हात नाहीत... काळं. आणि मध्ये, पोटाच्या उंचीला, एक ठिपका. पिवळा.

तो सेकंद मोजायला लागला.

दहा सेकंद. वीस. तीस.

चाळीस.

ते काळं हललं. या पायावरून... त्या पायावर.

मिनिट संपलं. रेघ वर यायला हवी होती.

आली नाही.

ते काळं तिथंच. मग ते बाजूला झालं. अर्धं पाऊल. चेतना भोंग्यासमोर उभी असायची आणि सुबोध चहा घेऊन यायचा, तेव्हा ती अशीच अर्धं पाऊल सरकायची. त्याला शेजारी जागा करून द्यायला.

जागा झाली होती. त्या जागेतून सरळ पाणी दिसत होतं.

सुबोध उठला.

एक पाऊल. दोन. कॅमेरा डोळ्यासमोर. चार. पाच. गारठा वाढला. श्वासाची वाफ कॅमेऱ्यात पिवळी दिसत होती, आणि पुढे जाऊन एकदम काळी होत होती. सात. आठ...

भोंगा हाताशी आला. त्याच्या पुढे ती जागा. तिच्या पुढे पाणी.

तो म्हणाला, ‘सर, मी थांबणार नव्हतो.’

तेव्हा तो पिवळा ठिपका हलला.

काळ्याच्या मधून... बाहेर. हळू. कोणीतरी दोन्ही हातांनी पुढे करावं तसा. भोंग्याच्या डाव्या बाजूला, पत्र्यापाशी आला. आणि थांबला. त्याच्यासमोर. हातभर अंतरावर.

त्यानं कॅमेरा खाली केला. डोळ्यांना काही नाही. अंधार. ओला पत्रा.

पुन्हा वर धरला. ठिपका होता. मुठीएवढा.

कोणी काही विचारलं नाही. कोणाचा आवाज आला नाही. पण त्याला ते ऐकू आलं, दवाखान्यातलं. बघायचंय का?

या वेळेला त्यानं मान हलवली. हो.

आणि तो बघत राहिला.

किती वेळ, ते संगणकानं लिहून ठेवलंय. अकरा मिनिटं. त्यानंतर कॅमेऱ्याची बॅटरी संपली. त्यानं मागे बघितलं तेव्हा रेघ वर आलेली होती. सपाट.

तो पुढे पाण्याकडे गेला नाही. परत उंबऱ्यावरही आला नाही. तिथंच, भोंग्याच्या बाजूला, मातीत बसला.

हो अवधूत, फोटो. मला ठाऊक होतं तू विचारणार. त्या कॅमेऱ्यात फोटो काढायचं बटण आहे, आणि सुबोधसारख्या माणसानं ते दाबलं नाही. मीही त्याला रागावून विचारलं होतं. म्हणाला, ‘मला बघायचं होतं सर.’

कासीम पाचला आला. तो सांगतो, ‘सर बसलेत मातीत. अंगावरचं स्वेटर पानी पानी. मला वाटलं गेला मानूस. हाक मारली तर म्हनले, चहा आहे का कासीम?’ कासीमनं थर्मासातला चहा दिला. सुबोध दोन पेले प्यायला. मग रडला. कासीम म्हणतो, सूर्य वर आला तरी रडत होता, आणि मी त्याच्या शेजारी नुसता बसून होतो.

उजाडल्यावर गुरुलिंगअण्णा आले. रात्री अर्धवट सोडलेलं त्यांनी तेव्हा सांगितलं. ‘सर, धा दिवस झालं बगतोय. सकाळी समदा भोंगा दवानं वला असतुय. येवडी जागा कोरडी ऱ्हाती. हितं.’ आणि त्यांनी डावी बाजू दाखवली.

सुबोधनं खिशातून पेन्सिल काढली आणि त्या जागेखाली एक रेघ मारली. बाजूला तारीख. त्याचा हात लागला तेव्हा पत्रा कोमट होता.

भोंगा उतरवला नाही. तुम्ही बघताच आहात.

आता यातलं मला काय वाटतं ते विचारू नका. मी शिकवलं ते सगळं लावून बघितलं. हाताचं तेल लागलं की तिथं दव वेगळं बसतं, म्हणून मी स्वतः सोड्यानं तो पत्रा घासला. दुसऱ्या दिवशी जागा कोरडी. बावीस साली सुबोध नको म्हणत असताना मी ती अख्खी बाजूच बदलून घेतली. नवा पत्रा. जुन्या रेघा मापानं मोजून नव्यावर मारल्या. डिसेंबर आला, आणि नव्या पत्र्यावर जागा कोरडी. मग मी घासणं सोडलं.

सुबोध शिकवतो, बरा आहे. हसतोही अधूनमधून. दर अठरा डिसेंबरला इथं येतो, एकटा. नऊ पन्नासला भोंग्याशी बसतो, सकाळी जागा बघतो, एक रेघ मारतो आणि परततो. काय दिसतं, ते मी विचारत नाही. तोही सांगत नाही.

आज तेरा तारीख. शनिवार. दव केव्हाचं पडलंय, तुमच्या सतरंजीला हात लावून बघा. पूनम, तो लाल टॉर्च घे. पांढरा नको. इकडं ये, डाव्या बाजूला. सगळेच या. जपून, तिपाईला पाय लागेल.

या रेघा. सहा आहेत. मोजा. ही पहिली, एकोणीसची. माझ्या कमरेएवढी उंच. दुसरी, वीसची, एकदम खाली. गुडघ्यापाशी. तिथून पुढे एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, दर वर्षी थोडी थोडी वर. पहिलीच तेवढी एवढ्या उंचावर का, हे मला वर्षभर कळलं नव्हतं. यंत्राची माणसं आम्ही, रेघा एका ओळीत चढल्या नाहीत की चूक शोधत बसतो.

काय म्हणालीस? मोठ्यानं सांग पूनम, यांनाही ऐकू दे.

हो.

पहिल्या वर्षी ती कडेवर होती.

आता टॉर्च जरा वर घे. सहाव्या रेघेच्या वर. अजून. चार बोटं. थांब... तिथं. सगळा पत्रा ओला आहे ना? आणि ही एवढी जागा कोरडी. मघाशी आपण दोर बांधले तेव्हा दव पडलेलं नव्हतं, म्हणून तुम्हाला दिसली नाही. बोटं मोजता येतात बघ. पाच. सहा वर्षांच्या पोरीचा तळवा केवढा असतो, तुझ्या घरी आहे ना अवधूत, भाची?

आतिफ, नको रे... लावलास का हात?

बरं. काही होत नाही. बोल की. काय झालं?

कोमट आहे. एवढंच ना.

पलीकडच्या मोटारी थांबल्या बघा. चला, मागे व्हा सगळे. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत मागे या. आज भोंग्यासमोर कोणाला उभं करायचं ते मी ठरवलेलं नाही, इथं ठरवावं लागत नाही. सातवी रेघ गुरुवारी सुबोध येऊन मारेल. तोवर त्या बाजूला टेकू नका.